अडखळ-अंक एक्क्याण्णव

एका फोनमध्ये माझ्या बायकोच्या तोंडी किती वेळा 'सर' येतं, हे मी मोजायला लागलो, तेव्हाच कुणीतरी माझ्या कानाखाली वाजवायला हवी होती. सोमवारी सात. मंगळवारी नऊ. बुधवारी ती टेकडीवर आली नाही, म्हणून शून्य. पण आली असती तर बारा नक्की, असं मी मनाशी धरूनच चाललो.

केतकी अक्राणीच्या डोंगरात मोखाबारी नावाच्या पाड्यावर शिक्षिका. मी नाशिकला सरकारी कामांचे ऑनलाइन फॉर्म बनवणाऱ्या कंपनीत. लग्नाला पाच वर्षं झाली होती, पण एकत्र काढलेले दिवस मोजले तर वर्षही भरत नव्हतं. पाड्यावर रेंज औषधालाही नाही. शाळेमागची टेकडी चढून गेलं की मात्र पूर्ण. रोज संध्याकाळी पाच वाजता केतकी ती टेकडी चढायची आणि आमचा संसार अर्धा तास चालायचा.

त्या अर्ध्या तासात तिसरा माणूस असायचाच. शाळा दोन शिक्षकांची. एक केतकी, दुसरा दिलवर वसावे. तिचे 'सर'.

"सरांनी आज मागच्या भिंतीला वालाचा वेल चढवला," ती सांगायची. "जाळीसुद्धा स्वतः विणली."

"त्यांना शिकवायचं नसतं का?"

"अरे, शाळा सुटल्यावर. तू ना, कमाल करतोस."

एकदा बोलता बोलता तिनं कुणाला तरी तिकडच्या बोलीत काहीतरी सांगितलं, आणि लांबून एका पुरुषाच्या हसण्याचा आवाज आला. माझी बायको मला न कळणाऱ्या भाषेत विनोद करत होती. मी विचारलं, काय म्हणालीस? ती म्हणाली, मराठीत त्याची मजा नाही. त्या रात्री मी तो विनोद काय असेल याचे अंदाज बांधत बसलो. जळणं म्हणतात ते हेच, आणि मी ते नीट ओळखलंही होतं. ओळखून उपयोग मात्र काही झाला नाही.

त्या वर्षी शिक्षकांच्या बदल्यांचं काम आमच्या कंपनीकडं आलं. जोडीदारापासून लांब असलेल्यांना जवळची शाळा मागता येत होती. वीस शाळा पसंतीच्या क्रमानं लिहायच्या, की झालं. त्यातली एखादी मिळाली तर ठीक, नाही तर पुढची पाच वर्षं अर्जच करता येणार नाही. त्यामुळं हा फॉर्म म्हणजे आमचं सगळं पुढचं आयुष्य होता.

बदली प्राधिकरणाला मात्र एक वेगळीच डोकेदुखी होती. लोक मनातलं लिहीत नाहीत. कुणी सासरच्या धाकानं लिहितं, कुणी पुढाऱ्याच्या सांगण्यावरून, आणि आदेश निघाल्यावर रडत कोर्टात जातं. म्हणून त्यांना असा फॉर्म हवा होता, जो लिहिलेल्यामागचं खरं मन ओळखेल.

ते आता अवघड राहिलं नव्हतं. मनाविरुद्ध लिहिताना माणसाचं बोट रेंगाळतं, हे संशोधकांना जुनं ठाऊक आहे. आवडीची गोष्ट आपण चटकन निवडतो. दोन मनं असली की थांबतो, लिहितो, खोडतो, पुन्हा लिहितो. नव्या फोनच्या काचेला आणि कडांना बोटांचा दाबही कळतो. हे थांबणं, खोडणं, दाबणं एकत्र करून शून्य ते शंभरमधला एक आकडा काढायचा. त्याला आम्ही नाव दिलं होतं अडखळ-अंक. पहिल्या पसंतीवर तो ऐंशीच्या वर गेला, तर ती पसंती दबावाखालची समजायची आणि माणसानं लिहून खोडलेली शाळा त्याची खरी इच्छा मानायची. कागदावर हे फार दयाळूपणाचं वाटत होतं.

प्रश्न एवढाच होता, की हा हिशेब करायचा कुठं? फॉर्मचं काम दोन जागी होऊ शकतं. एक, भरणाऱ्याच्या फोनवर. तिथं तुम्ही हवं तेवढं घोळवा, खोडा, दहा वेळा मन बदला. फोन आपल्यापुरता हिशेब करतो आणि बाहेर फक्त उत्तर पाठवतो. दुसरी जागा म्हणजे आमचा सर्व्हर. तिथं मात्र सगळंच येतं, खोडलेलं अक्षरसुद्धा. म्हणजे तुम्ही घरात काय ठरवताय हे ऐकायला साहेब तुमच्या स्वयंपाकघरात पाट मांडून बसल्यासारखं.

तीन महिने खपून मी फोनवरची पद्धत लिहिली होती. तिच्यात एक खास सोय होती. फोन आपल्या मालकाचा हात ओळखतो, आणि ही ओळख फोनबाहेर न्यायला कायद्यानं बंदी आहे. त्यामुळं ज्याचा अर्ज त्याचाच हात आहे का, हे फोन आधी तपासायचा. जुळलं नाही तर अडखळ मोजायचाच नाही.

शुक्रवारी देवयानीनं, म्हणजे आमच्या प्रमुखांनी, बैठक घेतली. "फोनवर की सर्व्हरवर? आज कळवायचंय."

"फोनवर," माझी सहकारी रुबीना म्हणाली. "रेंज नसली तरी चालतं, सर्व्हरवर ताण नाही, आणि लोकांच्या मनातलं लोकांकडंच राहतं. सौमित्र, सांग ना."

मी सांगणारच होतो. पण आदल्याच संध्याकाळी केतकीला मी विचारलं होतं, फॉर्म कधी भरणार? आणि ती म्हणाली होती, "भरते रे. घाई काय आहे?"

घाई काय आहे! पाच वर्षं झाली होती आणि तिला घाई नव्हती.

"सर्व्हरवर करू या," मी म्हणालो. "फोनवरचं काम भरणाऱ्याच्या ताब्यात असतं. कुणीही चलाख माणूस त्यात फेरफार करून हवा तो अंक पाठवेल. फोनवर विसंबून बदलीचे आदेश काढता येत नाहीत."

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. कुठल्याही जाणकारानं मान डोलावली असती, आणि देवयानीनं डोलावलीच.

"आणि हात ओळखण्याचं काय?" रुबीनानं विचारलं. "ते सर्व्हरवर नेता येत नाही. दुसऱ्याच कुणी फॉर्म भरला तर?"

"ओटीपी आहे ना. तो ज्याच्या त्याच्याच फोनवर जातो."

रुबीना माझ्याकडं वळली. "महिनाभर तूच सांगत होतास, खोडलेलं अक्षर माणसाच्या खिशातच राहिलं पाहिजे म्हणून."

"विचार बदलला," मी म्हणालो, आणि लॅपटॉप मिटला.

फॉर्म सुरू झाल्यावर पाचव्या दिवशी केतकीचा अर्ज आला. दुपारी सगळे जेवायला गेले होते. कुणाचाही अर्ज उघडून नोंदी बघण्याचा अधिकार माझ्याकडं होता, आणि कुणाचाही याचा अर्थ बायकोचाही, असं मी स्वतःला पटवलं.

पहिली पसंती: वडाळी, नाशिक. माझ्या घरापासून चार किलोमीटर. मला हायसं वाटलं. पण खाली नोंदी होत्या. 'वडाळी' लिहिलं. सत्तर सेकंद काही नाही. खोडलं. 'मोखाबारी' लिहिलं, म्हणजे आहे तिथंच राहायचं. चार मिनिटं ते तसंच. खोडलं. पुन्हा 'वडाळी'. मग 'पाठवा'च्या बटनावर बोट टेकलेलं, दाबलेलं नाही. उचललं. पुन्हा टेकलं. सगळी मिळून अकरा मिनिटं. अडखळ-अंक एक्क्याण्णव.

मी तो आकडा पुन्हा पुन्हा वाचला. माझ्याकडं यायचं की नाही, हे ठरवायला माझ्या बायकोला अकरा मिनिटं लागली होती.

दोन दिवस तिचा फोन आला नाही. तिसऱ्या संध्याकाळी आला. आवाज बसलेला होता.

"भरला एकदाचा फॉर्म. वडाळी टाकलंय पहिलं."

"सहज टाकलंस?"

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. सरांना विचारलं असशील."

"सरांचं काय मध्येच? उलट सरांनी तर..."

मी फोन ठेवून दिला. नंतर तीन दिवस उचललाही नाही.

ऐंशीच्या वर अंक गेलेले दोनशे बारा अर्ज होते. जिथं शंका वाटेल तिथं आम्ही खूण करायची, मग प्राधिकरण त्या माणसाला फोन करून खात्री करणार. खूण नसेल तर यंत्र म्हणेल ते खरं. हे काम माझ्याकडं होतं. मी दोन दिवस बसून मोठ्या मनानं दीडशे खुणा केल्या. एकीनं बोट भाजल्यामुळं वेळ लागला असेल, एकाला चष्मा लागला असेल, अशी सगळ्यांची बाजू घेतली. केतकीच्या ओळीवर आलो. राहा तिथंच, म्हणालो. तुझ्या वालाच्या वेलाखाली. आणि पुढच्या ओळीवर गेलो.

आदेश लागले त्या दिवशी तिचा फोन भर दुपारी आला. म्हणजे शाळा सोडून टेकडी चढली होती.

"सौमित्र, मला इथंच कायम केलंय." ती रडत होती. "पुढची पाच वर्षं. मी बॅग भरून ठेवली होती रे. पोरांना सांगून झालं होतं. असं कसं झालं? वडाळी पहिलं होतं ना!"

"तुलाच माहीत," मी म्हणालो. "इतका विचार करून भरलास."

"कसला विचार? मी कुठं भरला? मला ताप होता, अंथरुणातून उठवत नव्हतं. सरांनी भरला. मी कागदावर वीस नावं लिहून दिली आणि ओटीपीसाठी माझा फोन दिला."

"ओटीपीसाठी फोन दिलास?"

"मग? आसपासच्या शाळांतल्या आम्हा सतरा जणांचे फॉर्म सरांनीच भरलेत, त्यांच्या टॅबलेटवर. दरवर्षी तेच भरतात. सगळे फोन टेकडीवर एकत्र ठेवायचे, ओटीपी आला की बघायचा. तेच मी सांगत होते त्या दिवशी फोनवर, तू ऐकलंस कुठं?"

फोन ठेवला. मी जागेवर येऊन नोंदी उघडल्या. टॅबलेटचा क्रमांक प्रत्येक अर्जावर होता. बघावंसं कुणालाच वाटलं नव्हतं. एकाच क्रमांकाचे सतरा अर्ज. पहिल्याचा अडखळ-अंक चार. मग तीन, सहा, तीन, पाच. वसावे सरांचं बोट सराईत कारकुनासारखं धावत होतं. कागदावरचं नाव बघायचं, टाइप करायचं, पाठवायचं. प्रत्येकी दोन मिनिटं. सोळा अर्जांत एक अक्षर खोडलेलं नव्हतं.

सतरावा अर्ज केतकीचा होता.

तर ती अकरा मिनिटं तिची नव्हतीच. तिला जाऊ द्यायचं की नाही, हे एक माणूस टेकडीवर एकटा बसून ठरवत होता. त्याच्या हातात कागद होता, ओटीपी होता, आणि त्यानं एकदा तिला आपल्याकडं ठेवून घेतलंही होतं, चार मिनिटं. मग स्वतःच खोडलं. माझा संशय खरा निघाला होता, फक्त ज्या माणसावर घेतला तो चुकला. आणि गंमत बघा, त्यानं सोडलं होतं तिला. अडकवून मी ठेवलं होतं.

तरीही पहिल्यांदा जे मनात आलं ते चांगलं नव्हतं. सापडला, असंच वाटलं. मी त्याला फोन लावला. सुदैवानं तो टेकडीवर होता.

"बोला भाऊ," आवाज मोकळा होता. "मॅडमच्या मिस्टरांशी पहिल्यांदाच बोलतोय. मॅडम फार रडल्या हो. माझ्याकडून काही चुकलं का? पहिला नंबर वडाळीच टाकला होता मी. दोनदा बघितला."

"वेळ बराच लागला तुम्हाला."

तो थांबला. किती थांबला ते सांगायला मला यंत्राची गरज नव्हती.

"रेंज जात होती भाऊ," तो म्हणाला. "डोंगरातलं असंच असतं."

माझ्यासमोर नोंदी उघड्या होत्या. आमचा फॉर्म मिनिटामिनिटाला रेंजही लिहून ठेवतो. अकराही मिनिटं रेंज पूर्ण होती. मला ते म्हणता आलं असतं. पाच वर्षं मोजलेले सगळे 'सर' माझ्या जिभेवर होते.

"मॅडमना तिकडं न्या भाऊ," वसावे सर म्हणाले. "काहीही करा. इथलं मी बघून घेईन."

"रेंजचंच झालं असेल," मी म्हणालो.

हरकत घ्यायला तीन दिवस होते. रुबीनाला मी सगळं सांगितलं. तिनं शिव्या घातल्या, मग खुर्ची ओढून बसली.

"सोपं आहे. सतरा अर्ज, एकच टॅबलेट, सोळा जागी अंक सहाच्या वर नाही. ही नोंद पुरावा म्हणून जोड. केतकीचा हात नव्हता हे शेंबडं पोरही सांगेल. दोन दिवसांत आदेश फिरेल."

"नोंद कोणाकोणाला दिसेल?"

"केतकीला, टॅबलेटच्या मालकाला, सुनावणीला येतील त्या सगळ्यांना. नियमच आहे तसा."

म्हणजे त्या सोळा जणांसमोर वसावे सरांची अकरा मिनिटं वाचून दाखवली जाणार. काय लिहिलं, काय खोडलं, बोट कितीदा उचललं. केतकी ऐकणार. मला ते हवं होतं, खोटं कशाला बोलू? एक अख्खी दुपार मी ती सुनावणी मनातल्या मनात बघून घेतली. सरांचं तोंड, केतकीचं तोंड. माझं कुठंच नाव नाही.

"दुसरा मार्ग?" मी विचारलं.

"दुसऱ्यात तुझं नाव आहे," रुबीना म्हणाली. "पद्धतच चुकली असं लिहून द्यायचं. हात ओळखण्याची सोय तू काढलीस, धोका माहीत असून. का काढलीस, तेही. मग दोनशे बाराच्या दोनशे बारा लोकांना फॉर्म पुन्हा भरायला मिळेल, फोनवरच्या पद्धतीनं, स्वतःच्या हातानं. जुन्या नोंदी नष्ट. आणि तुझी नोकरीही गेलीच."

नोकरीचं मला तेवढं वाटलं नाही. भीती दुसरीच होती. या मार्गानं गेलो, तर मी काय केलं ते केतकीला कळणार होतं, आणि ते कळल्यावर ती पुन्हा फॉर्म भरणार होती.

मी लिहून दिलं. दीड पान झालं. आणि प्राधिकरणाकडून कळण्याआधी मीच केतकीला सांगितलं. बैठकीत काय बोललो, कुठला अर्ज उघडला, कुणाच्या अर्जाला किती मिनिटं लागली, कुठली खूण केली नाही.

"म्हणजे माझी पाच वर्षं तुझ्या हातात होती," शेवटी ती म्हणाली. "आणि तू ती पुढच्या ओळीवर जाऊन घालवलीस."

"हो."

"मी कधी खोटं बोलले होते तुझ्याशी?"

"नाही."

मग तिनं विचारलं, "पण मला एक कळत नाही. सोळा फॉर्म सरांनी दोन-दोन मिनिटांत भरले. मग माझ्याच फॉर्मला अकरा मिनिटं का?"

त्या दिवशी मी तिला सगळं खरं सांगितलं होतं. हे एकच तेवढं सोडून.

"रेंज नव्हती," मी म्हणालो.

फोन बंद झाला.

फॉर्म पंधरा दिवसांनी पुन्हा उघडले. मी तोवर घरी बसलो होतो. केतकीनं मधल्या काळात फोन केला नाही, आणि करावा असं म्हणायला मला तोंड नव्हतं. तिचा अर्ज आता सर्व्हरवर पोचला तरी एवढंच पोचणार होतं: नाव आणि वीस शाळा. ती कुठं थांबली, काय लिहून खोडलं, हे तिच्या फोनमध्येच विरघळून जाणार होतं. मीच लिहिलेली पद्धत होती ती, आणि चांगली लिहिली होती.

चौथ्या दिवशी पाच वाजता फोन वाजला.

"भरला," ती म्हणाली. "स्वतः भरला. टेकडीवर बसून."

"बरं."

"काय टाकलं ते विचारणार नाहीस?"

"सांगशील तर ऐकेन."

"वडाळी."

मी पलंगावर बसलो. आणि तेवढ्यात, लाज सोडून, तोच प्रश्न वर आला. किती वेळ लागला? मी ओठ मिटून धरले.

"विचार ना," केतकी म्हणाली. "किती वेळ लागला ते विचार."

"नाही विचारत."

"विचारलंस तरी सांगणार नाही." तिचा आवाज ना रागाचा होता, ना मायेचा. "जूनमध्ये येते. तुझ्याशी भांडायचंय मला, समोर बसून. फोनवर नाही जमत."

"ये."

"आणि सौमित्र..." ती थांबली. "पाच वर्षं मी याच टेकडीवरून तुला फोन करतेय. इथली रेंज कधी जात नाही. तुलाही माहीत आहे ते."

म्हणजे तिला कळलं होतं. मी काय झाकलं ते, आणि कुणाचं झाकलं तेही. तिनं फोन ठेवला.

ती येणार होती. खिडकीबाहेर लख्ख ऊन होतं आणि मला आनंदानं ओरडायला हवं होतं. पण त्या सगळ्या बोलण्यात तिच्या तोंडून 'सर' एकदाही आलं नव्हतं. मी मोजलं होतं.